दाणा धरेपर्यंत

"ह्यावर कुणाचाबी इस्वास बसणार न्हाई, धुळा," पारावर बूड टेकता टेकता नाथाजी म्हणाले, "पर शंभूराजची आख्खी वरात मी चोरपावलानं चालवली!"

"आन डॉल्बी?"

"मुकी!"

त्यांचा जुना सोबती धुळा गालात हसला. रहिमतपुरातलं नाथाजींचं गुऱ्हाळ कधीच बंद पडलं होतं. थापा चालू होत्या. या खेपेला कारण मात्र खरं होतं. नात संयोगिता पुण्याच्या प्रयोगशाळेत होती. रक्ताच्या कॅन्सरला शरीरातच आवर घालणारं एक प्रथिन असतं. त्याची घडण बघायची तर आधी त्याचा स्फटिक हवा, आणि तो काही केल्या धरत नव्हता. त्यात प्रयोगशाळा दुरुस्तीला काढली, हातोडे पडू लागले. म्हणून तिनं घरच्या गार माजघरात त्या प्रथिनाच्या थेंबांचा डबा मांडला.

"आज्जा, ही शेवटची खेप. धक्का लागू द्यायचा नाही हं."

नाथाजींना त्यांच्या गुऱ्हाळात गूळ शिजवणारा गुळव्या जोतिबा आठवला. साखरेचे खडे धरावेत म्हणून काकवीच्या मडक्यात सुंठेचा तुकडा टाकून तो ते कोपऱ्यात ठेवायचा आणि पोरांवर ओरडायचा, "हलवलं तर दाणा धरायचा न्हाई!" त्याच जोतिबाला पुढं रक्ताच्या कॅन्सरनं नेलं. त्याचं शेवटचं मडकं नाथाजींनी जपून ठेवलं होतं.

मग काय! आधी बायकोचा, विजयमालाबाईंचा, मिक्सर बंद झाला.

"आवं, चटणी काय दातानं वाटू?"

"न्हाईतर नुसतं मीठ वाढ!"

मिक्सर थांबला तर ट्रॅक्टरनं भिंत हादरली. तो गल्लीभर ढकलत न्यायला लावला. तेवढ्यात वरात आली. नाथाजी डॉल्बीपुढं रस्त्यात आडवे!

"आवं आज्जा, उठा की! मुहूर्त टळंल," नवरदेव घोडीवरून ओरडला.

"तुझ्या आज्ज्यासाठी एवढं कर, लेकरा."

शंभूराज जोतिबाचाच नातू. तो घोडीवरून उतरला, बूट हातात घेतले. मागं सगळं वऱ्हाड अनवाणी, आणि कलवऱ्यांनी पैंजण मुठीत धरलेले.

चार दिवसांनी संयोगितानं भिंगातून पाहिलं आणि आज्ज्याच्या गळ्यात पडली. "धरला, आज्जा!"

"केवढा धरला रं?" धुळानं विचारलं.

इथं नाथाजींना राहवलं नाही. "बोराएवढा! एक मला ठेवलाय पोरीनं." त्यांनी खिशातून पुडी काढली.

धुळानं खडा उचलला आणि बघायच्या ऐवजी तोंडातच टाकला. कडाक्कन आवाज झाला. मग तो डोळे मिटून बराच वेळ चघळत राहिला.

"सुंठ लागली रं जिभंला," तो म्हणाला. "लबाडा, ही तर जोतिबाच्या मडक्यातली साखर हाय!"