गुरुपादप्पांच्या गिरणीने डॉलर बांधिला, त्याची हकीकत

श्री सिद्धेश्वर समर्थ. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, कसबे लातूर येथील डाळगिरणीचे धनी राजमान्य राजश्री गुरुपादप्पा यांणी डॉलर नामे परदेशी मातबराशी जो झगडा मांडिला, त्याचे वर्तमान आपण पुसिले, ते पाहिले ऐकिले तैसे लिहितो. पदरचा मीठमसाला असेल तो चवीपुरता.

कारण की, आषाढमासी मोझांबिक मुलुखातून एक लक्ष डॉलरांची तूर जहाजी चढली, आणि दाम दोन महिन्यांनी डॉलरांतच देणे ठरले, आणि डॉलर त्या समयी शहाऐंशी रुपयांस होता. एक रुपया चढला की लाख बुडाले! मग सून उज्वलाबाईसाहेब, बी.कॉम. पदवीच्या मानकरी, यांणी मसलत दिली की आजच्या भावाने डॉलरचा वायदा घ्यावा. डॉलर चढेल तर बिलात जितके जादा जाईल तितके वायद्यातून येईल, आणि उतरेल तर तूर स्वस्त पडेल आणि तितकेच वायद्यात जाईल. हुजुरांनी मिशीवर हात फिरवून फर्मान केले, "कर. पर फसलं, तर गिरणीच्या गादीवर पुन्हा बसायचं न्हाई." बाईसाहेबांनी तीन वर्षे भांडून मिळविलेली ती गादी! तरी त्यांणी हजार हजार डॉलरांचे शंभर करार घेतलेच.

शेजारचे गिरणीवाले विरूपाक्ष, हुजुरांचे चुलतबंधू, यांची तूरही तितकीच आणि त्याच जहाजी. ते खो खो हसले आणि वायदा न घेता उघड्या छातीने राहिले.

इकडे हुजुरांचा पिढीजात समज ऐसा की वायदा म्हणजे माल आणि माल म्हणजे पोती. मग वखारीचा कोपरा झाडविला, ओल न लागो म्हणोन फळ्या घातल्या, उंदरांस पिंजरे मांडिले, आणि हमालांचे मुकादम पाशामियाँ यांस वीस रिकामी पोती देऊन टेम्पोनिशी दलालाचे कचेरीवर रवाना केले. पाशामियाँ रिते फिरले आणि अर्ज करते जाहले, "अप्पा, डॉलर मिलते नै बोले. नुस्ता रुपयांचा हिशेब मिलता. लई हसून राहिले उनो."

हुजुरांचे नाक कापिले! त्यातच डॉलर पंचाऐंशीवर उतरला आणि वायद्याचे खात्यातून लाख रुपये गेले. मग काय विचारता! देवघरापासून वखारीपर्यंत एकच बोंब जाहली आणि हुकूम सुटला की सौदा या घडीस मोडावा. बाईसाहेब हटल्या नाहीत. म्हणाल्या, "मामंजी, तिकडं तूर लाखानं स्वस्त झाली की! आता मोडलं अन् उद्या डॉलर चढला, तर कुणाच्या तोंडाकडं बघायचं?" हुजुरांनी सौदा राहू दिला, मात्र तीन दिवस सुनेशी अबोला धरिला.

मग भाद्रपद लागता डॉलर उसळला तो थेट अठ्ठ्याऐंशी! बिल दोन लाखांनी फुगले, आणि वायद्याने गेलेला लाख भरून वर दोन लाख आणिले. हुजुरांनी हर्षे पेढे मागविले. तोवर बाईसाहेबांनी ते दोन लाख जैसेच्या तैसे बिलात घातले. नफा शून्य, तोटा शून्य.

"म्हंजे एवढा घोर लावून हातात काईच न्हाई?" हुजूर पेढ्यांचा पुडा धरून पुसते जाहले. बाईसाहेब म्हणाल्या, "व्हय मामंजी. अन् गेलं बी काई न्हाई." हुजुरांस ही कसली फत्ते ते उमजेना, आणि गादीचा निवाडा तैसाच लोंबकळत राहिला.

इतक्यात विरूपाक्ष घामाघूम होऊन आले. त्यांचे दोन लाख उघड्यावर बुडाले होते. हुजुरांनी गादीवर सरकून जागा केली. विरूपाक्ष बसले नाहीत. म्हणाले, "आण्णा, तुम्ही ऱ्हाऊ द्या. सूनबाई कुटं हाय? पुढलं जहाज तिलाच इचारून लावावं म्हणतो."

हुजूर गादीवरून उठले, बाजूच्या स्टुलावर बसले, आणि सुनेस हाक मारून गादी दाखविली.

येणेप्रमाणे काही न मिळविता आणि काही न गमाविता फत्ते जाहली, गादी उज्वलाबाईसाहेबांकडे कायम राहिली, ते दफ्तरी लिहून ठेविले. पेढे सर्वांस वाटिले. विरूपाक्षांनी घेतला नाही.