दुसऱ्या वाडग्याची बखर

श्रीमृत्तिका प्रसन्न. शके एकोणीसशे पंचेचाळीस, शोभन नाम संवत्सर, फाल्गुन मास. ते समयी पुरातत्त्वाचे राज्यात सिद्धांत, पद्धत आणि अर्थनिर्णय हे तीन गड सर केल्यावाचून पदव्युत्तर पदवी मिळत नसे. त्या राज्यात वयाचे बासष्टावे वर्षी मथुराबाई दाखल जाहल्या. यजमान वामनराव निवर्तल्यास नऊ वर्षे जाहली होती, घरी बोलावयास कोणी नव्हते, म्हणोन बाईंनी पिशवीत चष्मा आणि डबा घातला आणि प्रवेश घेतला. मग उत्खनन मांडिले, आणि बाईंचे वाट्यास एक पुरातन घर आले, आणि त्या घरी चुलीपाशी मातीचे दोन वाडगे निघाले. बाईंनी प्रबंधात लिहिले की, येथे एकच माणूस राहत होते.

मग तोंडी परीक्षेचा दरबार भरला. विभागाचे मुख्य दिनकरपंत सिंहासनी, म्हणजे फिरत्या खुर्चीवर, विराजमान जाहले आणि बोलिले, "बाई, वाडगे दोन, तर माणसे दोन. एवढे तर पहिल्या वर्षाचे पोरही सांगेल!" बाईंनी उत्तर केले, "सर, मोजू नका. उलटे करून पाहा." पंतांनी भिंग लाविले. एकाचा तळ पार झिजलेला, दुसरा कुंभाराकडून कालच आणिल्यासारखा कोरा. आणि जमिनीस सारवणाचे तीन थर, आणि तिन्हींत एकाच जागी, कोऱ्या वाडग्याचे मापाचा, गोल ठसा. पंत चकित जाहले. "म्हणजे दर खेपेस सारवण ओले असताच वाडगा परत ठेविला! वाळेपर्यंत थांबावयास काय जाहले होते?"

"ती जागा रिकामी पाहवत नव्हती, सर."

"पुरावा?"

बाईंनी चष्मा काढोन पुसला. पुरावा होता, परंतु दरबारी मांडण्याजोगा नव्हता. तेव्हा पंत मऊ जाहले आणि बोलिले, "माणूस एक, हे मान्य. प्रबंधातले 'पाहवत नव्हती' हे वाक्य तेवढे खोडा, आणि पदवी घेऊन सुखे घरी जा." मग बाईंनी आपले हाते ते वाक्य खोडिले, आणि पंतांनी अभिनंदन केले, आणि पेढे वाटले, आणि बाई घरी आल्या. कुलूप काढिले, चहा टाकिला, आपला कप भरोन घेतला. मग ओट्यावरला वामनरावांचा कप उचलिला, ओटा पुसला, आणि ओला असताच कप जागेवर परत ठेविला.

येणेप्रमाणे मथुराबाई पदवी पावल्या. ते वाक्य प्रबंधात नाही, सबब येथे लिहून ठेविले.