घर बदलानं, संसार नही

डिंडोलीत लोक भाड्याची खोली बदलतात. आमच्या शेजारचे दगाआण्णा कॉम्प्युटरची सिस्टीम बदलतात. लिनक्स ही फुकटची सिस्टीम, आणि तिच्या जाती साड्यांइतक्या! गेल्या महिन्यात मिंट, आता उबंटू. "मिंटना हिरवा रंग मले पटना नही," एवढं कारण त्यांना पुरतं. काकू म्हणतात, "बरं झालं, मी लिनक्स नही!"

आण्णा उधन्यात साड्यांची डिझाइनं काढतात. मी एकदा विचारलं, "दर वेळी सगळं पुसलं जात नाही?"

त्यांना माझी कीव आली. "भाऊ, घर बदलानं, संसार नही!"

डिस्कवर त्यांनी एक वेगळा भाग राखलाय, त्याचं नाव 'होम'. फोटो, डिझाइनं, सगळा संसार तिथं. सिस्टीम येते-जाते, होमला धक्का नाही. फक्त नवी टाकताना 'हा भाग पुसू का?' या प्रश्नासमोरची खूण काढून टाकायची असते. तेवढा वेळ आण्णा घरात मिक्सरही लावू देत नाहीत.

गेल्या रविवारी मी फाफडा घेऊन गेलो आणि नेमका शिंकलो. आण्णा दचकले, बोट बटणावर पडलं, खूण तपासायच्या आत काम सुरू!

"गयं! समदं गयं!"

"दुसरी प्रत असेल ना?"

"शे ना! ती बी ह्याच डिस्कवर शे!"

काकू म्हणाल्या, "डिझाइनं गयी ते जाऊ द्या. परत काढशात."

"डिझाइनं घाल खड्ड्यात!" आण्णांचा आवाज फाटला. मग ते हात जोडून स्क्रीनसमोर बसले. मीही जोडले, शिंक माझीच होती.

अखेर नवी सिस्टीम उघडली. नव्या सिस्टीमला घरातलं कुणीच ओळखीचं नसतं. नावं पुन्हा टाकावी लागतात. आण्णांनी स्वतःचं नाव टाकून आत शिरताच घाईघाईनं दुसरं टाकलं: मनीषा. मग तिच्या नावानं उघडून पाहिलं. स्क्रीनभर एक पिवळी म्हैस उभी राहिली. लेकीनं शाळेत असताना काढलेली. होम शाबूत होतं.

मनीषा लग्न होऊन नाशिकला गेली, त्याला वर्षं झाली. "आण्णा, तिच्याकडे स्वतःचा लॅपटॉप आहे की," मी म्हणालो.

"शे ना." ते म्हशीकडेच बघत होते. "पन कधी माहेरले उनी, आठे ह्या कॉम्प्युटरवर बसनी, ते तिले तिनं नाव दिसाले पाहिजे ना."