पत्र्यावर न मावलेले दोन शब्द

आपला उतावळेपणा आता कायमचा दुरुस्त झाला आहे, त्याला पुन्हा पान्हा लावायची गरज नाही, असे धनीरामने १९८१ सालच्या ऑक्टोबरातल्या एका रविवारी, घरी प्रार्थनेला जमलेल्या अकरा माणसांसमोर उभे राहून जाहीर केले. त्या अकरांत त्याची बायको निर्मलाबाईही होती. तिने मान खाली घातली. लोकांना वाटले, ती प्रार्थना करते आहे.

धनीराम नाकाडोंगरीकडच्या एका खाणीत फिटर होता. तंत्रशाळेत शिकलेला, मापाचा पक्का. निवृत्त होऊन आपल्या गावी, करडीला, परतला तेव्हा त्याने चुलीपासून विहिरीपर्यंतचे अंतर मोजून भिंतीवर लिहून ठेवले होते. मात्र इतक्या मापाच्या माणसाचा राग बेमाप होता. मेहुण्याच्या लग्नात वाजंत्री दोन तास उशिरा आली म्हणून त्याने ती शिव्या घालून वेशीवरूनच परत पाठवली होती. नंतर कळले, की ती वाजंत्री पलीकडच्या आळीतल्या लग्नाची होती. त्या नवरदेवाचा बाप अजूनही धनीरामला पाहून रस्ता बदलतो.

अशा माणसाला निर्मलाबाईने पवित्र शास्त्रातला एक उपदेश दाखवला. धनीरामने तो आपल्या शब्दांत आवळून घेतला : कान तत्पर, जीभ सावकाश, राग मंद. मग छिन्नी-हातोडी घेऊन पत्र्यावर कोरायला बसला. प्रत्येक अक्षर बरोबर एक इंच उंच. अक्षरे आखतानाच लक्षात आले, की या मापाने पत्रा अपुरा पडतो. अक्षर लहान करणे त्याच्या तत्त्वात बसेना, म्हणून त्याने पहिले दोन शब्द गाळले.

"अवो, कान राह्यला ना," निर्मलाबाई म्हणाली.

"तो मले पाठ आहे," धनीराम म्हणाला, आणि 'जीभ सावकाश, राग मंद' असा पत्रा दारावर ठोकला.

प्रार्थनेच्या दुसऱ्याच दिवशी, सोमवारी, शेजारचा तुलाराम आला. वावराला वावर लागून, आणि तीस वर्षांची मैत्री. धनीराम खाणीवर असताना त्याचे धान कापायचे, मळायचे ते तुलारामनेच. त्याला धुऱ्याबद्दल, म्हणजे शेताच्या बांधाबद्दल, काही सांगायचे होते. पण धनीरामने त्याला पत्र्यापुढे उभे केले आणि अक्षराची उंची, दोन अक्षरांमधले अंतर, खिळ्यांची जागा, सगळे अर्धा तास समजावले. तुलाराम होहो म्हणत राहिला, दोनदा 'धनीराम गा' म्हणाला, आणि शेवटी चहा पिऊन निघून गेला.

त्या दिवसांत धनीरामच्या खालच्या बांधीतला, म्हणजे खाचरातला, हलका, लवकर पिकणारा धान कापून झाला होता. कापलेल्या धानाच्या मुठी, म्हणजे कडपा, उन्हात वाळत पडल्या होत्या. वरच्या बांधीतला भारी, उशिरा पिकणारा धान मात्र अजून उभा होता आणि त्याला तलावाचे शेवटचे पाणी हवे होते. पाणी पाळीने मिळे. शुक्रवारची पाळी धनीरामची.

शुक्रवारी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी तो घड्याळ पाहून वावरात पोचला आणि थांबला. पाटातून त्याच्या वरच्या बांधीत पाणी शिरायची जागा चिखलाने बुजवलेली होती. समोरची, तुलारामच्या वावराची कड कुदळीने फोडलेली होती आणि तलावाचे पाणी खळखळत तिकडे चालले होते. तुलाराम गुडघाभर चिखलात, कुदळ हातात. चोर इतक्या व्यवस्थित पुराव्यासह सहसा सापडत नाही.

धनीरामच्या कानशिलावरची शीर उडाली. पूर्वीचा धनीराम असता तर कुदळच हिसकावली असती. पण त्याने डोळे मिटले, पत्रा आठवला, आणि जीभ सावकाश केली.

"धनीराम, आयक ना गा," तुलाराम पुढे येत म्हणाला.

धनीरामने हात वर केला. आपण रागावलेलो नाही, त्यामुळे तुलारामने काही खुलासा करण्याची गरज नाही, असे त्याने अत्यंत शांतपणे सांगितले. मग धोतर खोचून, एकही शब्द न बोलता, त्याने तुलारामकडची कड बुजवली, पायाने दाबून पक्की केली, आपल्याकडचा चिखल काढला, आणि पाणी आपल्या बांधीत सोडले. काम इतके सफाईदार झाले, की त्याला स्वतःलाच समाधान वाटले. तुलारामने दोनदा त्याचा दंड धरला. दोन्ही वेळा धनीरामने तो हळुवार सोडवून घेतला.

लांबून तुलारामची बायको गोदावरीबाई पळसाच्या फांद्यांचा भारा डोक्यावर घेऊन धावत येताना दिसली. "भाऊजी, पाणी बंद करा!" ती ओरडत होती.

"वहिनी, सावकाश," धनीराम म्हणाला. "उतावळेपणा बरा नाही."

तेवढ्यात पाणीवाटप समितीचा भय्याजी तिघाचौघांना घेऊन तलावाच्या बांधावरून उतरला. धनीरामला वाटले, साक्ष द्यायला देवानेच श्रोते पाठवले. पाटाच्या तोंडावर, खालच्या बांधीकडे पाठ करून, तो उभा राहिला. तुलाराम आज पाण्याचा चोर ठरला हे खरे, पण आपण त्याला क्षमा केली आहे, समितीनेही करावी, तीस वर्षांच्या मैत्रीपुढे एका पाळीचे पाणी ते काय, असे तो क्रमवार बोलत गेला. तुलारामने कुदळ टाकली, फांद्यांचा भारा उचलला आणि धनीरामच्या मागे कुठेतरी निघून गेला. लाज वाटली असेल, असे धनीरामने समजून घेतले.

भाषणाचा चौथा मुद्दा चालू असताना भय्याजीने त्याच्या खांद्यावरून पलीकडे पाहिले.

"धनीरामजी," तो म्हणाला, "तुमचा धान कुठी चालला?"

धनीराम वळला. खालच्या बांधीत पाणीच पाणी होते, आणि त्यावर त्याच्या कडपा एकामागे एक, वरातीला निघाल्यासारख्या, नाल्याच्या दिशेने तरंगत चालल्या होत्या. वरच्या आणि खालच्या बांधीमधल्या धुऱ्याला घागर जाईल एवढे भगदाड पडले होते. त्या भगदाडात फांद्या कोंबून तुलाराम छातीने पाणी अडवून बसला होता आणि हाताला लागेल ती कडपा धुऱ्यावर फेकत होता.

मग सगळेच पाण्यात उतरले. भय्याजीने आधी पाट बंद केला, जे काम तुलारामने पहाटेच केले होते.

निम्म्या कडपा वाचल्या. निम्म्या नाल्याने नेल्या. खेकड्याने धुरा पोखरला होता. सोमवारी तुलाराम तेच सांगायला आला होता. पहाटे पाणी खालच्या बांधीत घुसताना त्याला दिसले, तेव्हा भगदाड बुजवायला वेळ मिळावा म्हणून त्याने पाट आपल्या वावरात फोडला. आणि त्या वावरात, उभ्या धानात, त्याने चारच दिवसांपूर्वी लाखोरी या कडधान्याचे बी फेकले होते. साचल्या पाण्यात लाखोरीचे बी कुजते, हे करडीतले शेंबडे पोरही जाणते. धनीरामने ते कोणाला विचारले नाही. त्याला ते पाठ होते.

गोदावरीबाईने ओले लुगडे पिळता पिळता एकच वाक्य म्हटले. "वावर आमचं बुडालं, अन् चोरबी आमीच."

त्या संध्याकाळी निर्मलाबाईने शास्त्र उघडले. ऐकून घेण्याआधी उत्तर देणाऱ्याच्या पदरी मूर्खपणा आणि फजिती येते, अशा अर्थाचे शलमोन राजाचे वचन निघाले. त्याखाली लाल पेन्सिलीने दोन रेघा होत्या. रेघा धनीरामच्याच; जावयाला दाखवण्यासाठी मारलेल्या. निर्मलाबाईने ते दोनदा वाचले. रेघा दोन होत्या म्हणून, असे तिचे म्हणणे.

पुढच्या रविवारी भय्याजीसकट सगळ्यांपुढे धनीरामने चोर हा शब्द मागे घेतला. आपली लाखोरीची बांधी त्याने तुलारामला कापून न्यायला सांगितली. तुलाराम फक्त 'पाहू' म्हणाला. मग महिनाभर तो आला नाही. वावरात भेटला तर मान हलवायचा, तेवढेच. धनीरामने जुना पत्रा काढून नवा ठोकला. त्यावर दोनच शब्द, दोन इंच उंचीचे : कान तत्पर. पण ऐकायचे कोणाचे? ओसरी सुनसान. तत्पर कान घेऊन तो दारात बसून राही.

मळणी संपल्यावर एका दुपारी तुलाराम आपण होऊन आला आणि ओसरीवर टेकला. निर्मलाबाई बाजाराला गेली होती. धनीरामने स्वतः चहा केला, पाणी मापून, दूध मापून. कप पुढे ठेवला आणि समोर बसला. पत्र्याबद्दल एक अक्षर काढले नाही. क्षमेचे चार मुद्दे त्याने लिहून ठेवले होते, ते खिशातच राहू दिले. आज तुलाराम जे बोलेल ते, शिव्या असल्या तरी, शेवटपर्यंत ऐकायचे होते.

तुलारामने एक घोट घेतला. कप खाली ठेवला. धनीराम कान देऊन पुढे वाकला.

"साखर नाही टाकली गा," तुलाराम म्हणाला.

धनीरामच्या तोंडाशी आले, की टाकली आहे, दोन चमचे, सपाट. पण तो उठला, आत गेला, आणि डबा घेऊन आला. मापून काढलेली साखर आत, डब्याच्या जागेशेजारीच, वाटीत तशीच पडली होती.