डाळिंब मातीत जाईपर्यंत

मुलीचा फोन आला तेव्हा अण्णा अक्कासाठी काढलेल्या डाळिंबाच्या रोपाला ओलं गोणपाट गुंडाळत होते. आत बायको आधी किंचाळली, मग रडली, मग हसली आणि शेवटी अंगणात धावत येऊन म्हणाली, "अहो, तुम्ही आजोबा होणार!" यापुढेही तिचं एक वाक्य होतं. ते तिने मोटारीमागे उडालेल्या धुळीला सांगितलं.

अण्णांची घाई रास्त होती. घराण्यातली कुठलीही बातमी त्यांना सगळ्यांत शेवटी कळे. कुणाच्या जन्माची खबर त्यांच्यापर्यंत पोचेस्तोवर ते बाळ शाळेत जायला लागलेलं असे. याउलट थोरल्या अक्काला सगळं आधी कळे. अण्णांच्या बदलीची बातमीसुद्धा अण्णांना अक्काकडूनच कळली होती. आज चाळीस वर्षांत पहिल्यांदा अक्काला ठाऊक नसलेलं काहीतरी त्यांच्या पोटात होतं, आणि अक्काचं घर फक्त पाऊण तासावर होतं.

अडचण एकच. या भावंडांत झाडं आणि बातम्या एकाच फेरीत पोचवत, पण क्रम ठरलेला होता. आधी झाड मातीत, मग बातमी. कधीकाळी त्यांच्या आजोबांनी पाहुण्यांकडे पाऊल टाकताच मोठी बातमी फोडली होती. मंडळी दिवसभर बोलत बसली आणि गाडीतलं लिंबाचं रोप वाळून कोळ झालं. तेव्हापासून हा नियम मोडायची कुणाची छाती झाली नव्हती.

"अक्का, खड्डा कुठे खणू?" मोटारीतून उतरता उतरताच अण्णांनी विचारलं.

"अरे, घोटभर पाणी तरी पी."

"पाणी नको. कुदळ दे."

अक्काने चष्म्यावरून भावाकडे पाहिलं. जन्मभर मुख्याध्यापिका असलेल्या बाईला खिशात काहीतरी लपवलेलं पोर लांबून ओळखू येतं. "मोठी दिसतेय बातमी. चांगली की वाईट, तेवढं तरी सांग."

"झाड मातीत गेल्यावर," अण्णा म्हणाले. एवढं गोड वाक्य ते कित्येक वर्षांत बोलले नव्हते.

"मग कुंपणाजवळ लाव. घरामागे नको, तिथून पाइपलाइन गेलीय."

कुंपण लांब होतं आणि तिथे नुसता मुरूम होता. घरामागची माती लोण्यासारखी. "पाइपलाइन पेरूच्या पलीकडून जाते," अण्णांनी निकाल दिला. "मला नको सांगूस. तीस वर्षं भूमापन खात्यात नकाशे काढलेत मी."

चौथ्या घावाला पाइपलाइन पेरूच्या अलीकडून जात असल्याचं सिद्ध झालं. कारंजं स्वयंपाकघराच्या खिडकीपर्यंत उडालं. अण्णांनी भोकावर तळहात दाबला, तर पाणी बाहीतून शिरून कॉलरमधून बाहेर आलं.

"कॉक बंद कर, कॉक!"

"गंजलाय तो. फिरतच नाही." अक्काने शांतपणे फोन उचलला. "थांब, तुझ्या जावयाला बोलावते. त्यांचं पाणीपुरवठ्याचं ऑफिस इथून दोन गल्ल्यांवर तर आहे."

जावयाला तर बातमी ठाऊकच असणार! आणि त्याने ती आल्या आल्या सांगून टाकली तर? म्हणून जावईबापू फाटकातून आत येताच अण्णांनी भिजलेल्या भुवया उडवत बजावलं, "एक शब्द बोलू नका हं!"

"नाही बोलत, अण्णा," जावई समजुतीने म्हणाले. "फुटतो पाइप कुणाच्याही हातून." ते गुडघाभर चिखलात उतरले आणि दोन्ही अंगठ्यांनी त्यांनी भोक दाबून धरलं. "फिटर क्लँप घेऊन निघालाय. दहा मिनिटं."

दहा मिनिटं! अण्णांनी डाळिंब उचललं, त्याच खड्ड्यात जावयाच्या गुडघ्याशी रोवलं, भोवती चार मुठी चिखल थापला आणि छाती फुगवून आरोळी ठोकली, "झाड मातीत गेलं! अक्का, मी आजोबा होणार!"

"अरे माझ्या राजा!" अक्काने चिखलासकट भावाला मिठी मारली.

खड्ड्यात जावई विचार करत होते. अण्णांना मुलगी एकच. त्या मुलीला नवराही एकच. एवढं ध्यानात येताच त्यांचे दोन्ही अंगठे सुटले.

तिघंही न्हाऊन निघाली असतानाच अण्णांच्या बायकोचा फोन आला. "अहो, निम्मंच ऐकून पळालात! तिने जावयांना अजून सांगितलं नाहीये. संध्याकाळी स्वतः सांगणार आहे. तोवर त्यांना कळू द्यायचं नाही. कळलं?"

अण्णांनी जावयाकडे पाहिलं. तो माणूस कारंज्याखाली उभा राहून हसत होता.

"कळलं," अण्णा म्हणाले. "सगळ्यांनाच."

क्लँप बसला, पण जावयाच्या चेहऱ्यावरचा आनंद काही बंद होईना. तेव्हा शाळेची पंचवीस स्नेहसंमेलनं बसवलेल्या अक्काने सूत्रं हातात घेतली. "जावईबापू, ती सांगेल तेव्हा हात छातीवर न्यायचा आणि म्हणायचं, 'काय सांगतेस!' म्हणा बघू."

"काय सांगतेस," जावई मीटरचा आकडा वाचावा तसं म्हणाले.

"अहो, बाप होताय तुम्ही, नळजोडणी मंजूर नाही करत! पुन्हा."

टॉवेल गुंडाळलेल्या जावयाकडून अक्काने अकरा वेळा म्हणून घेतलं.

संध्याकाळी घरी मुलीचा फोन आला आणि अण्णांनी तो दबकत उचलला.

"अण्णा, सांगितलं मी यांना. तीनदा 'काय सांगतेस' म्हणाले आणि तिन्ही वेळा हात छातीवर. आत्याने बसवलंय ना हे?"

"रागावलीस, बाळ?"

"रागावतेय कसली! तिसऱ्यांदा म्हणताना रडायलाच लागले हो. ते काही आत्याने शिकवलेलं नव्हतं. आणि ऐका. दुपारी सोनोग्राफी झाली. जुळं आहे, अण्णा! यांच्यानंतर तुम्हालाच सांगतेय. दरवेळी तुम्हाला शेवटी कळतं ना, म्हणून. आईला मी अर्ध्या तासाने सांगते. तोवर गप्प राहाल?"

"ब्र काढणार नाही," अण्णा म्हणाले.

अर्धा तास फार मोठा असतो. हाताला काही काम हवं म्हणून अण्णा पायरीवर कुंडी भरायला बसले. थोड्या वेळाने बायको चहा घेऊन आली आणि कपासकट थबकली.

"अहो, हे काय? दोन रोपं? एकसारखी? आणि एकाच कुंडीत?"

अण्णांनी ब्र काढला नाही. बायको चहा पायरीवर ठेवून फोनकडे धावली.