अमेरिकेतलं गवत

राठोड सर जोक सांगताना उजवा हात वर धरत. हात खाली आला की आम्ही हसायचं, असा नियम. त्याआधी कोणी फिसकन हसला तर ते चिडत. "इथं नाही हसाचं बे. थांब ना." आम्ही थांबत असू. मग हात खाली येई, आणि वर्गात फक्त पंखा वाजे.

मारेगावच्या कॉलेजात ते इंग्रजी शिकवत. आमच्या घराण्यात बी.ए. झालेला पहिला माणूस मी, त्यामुळे अमेरिकन विनोदावर अधिकारानं बोलतो. सरांना एका अमेरिकन विनोदी लेखकानं झपाटलं होतं. त्याचं नाव लिहीत नाही, कारण सर त्याचा उच्चार दर सत्रात बदलत. हा लेखक कायम स्वतःचीच फजिती सांगे. बायकोला भितो, शेजाऱ्यावर जळतो, घरातली प्रत्येक मशीन त्याच्यावर डूख धरून असते. थापा आभाळाएवढ्या, पण चेहरा तहसीलदारापुढं उभा असल्यासारखा. "सांगणारा हसला का जोक मेला," असं सर म्हणत. हा नियम ते इतका पाळत की लग्नाच्या फोटोतही ते साक्षीला आल्यासारखे दिसतात.

त्या गोष्टी ते आपल्याकडच्या करून घेत. एका गोष्टीतली लिफ्ट हव्या त्या मजल्यावर थांबतच नाही. सरांनी तिची एस.टी. केली. झालं, त्यात हसण्यासारखं काय आहे तेच आम्हांला कळेना.

प्रत्येक जोकनंतर त्यांचा एकच प्रश्न असे, "आमच्या बाले हे समजंल का?"

बा म्हणजे त्यांचे वडील. ज्या वर्षी बोंडअळीनं कापसाची उभी पऱ्हाटी खाल्ली, त्या वर्षी त्यांनी बैलजोडी विकली आणि बोलणं सोडलं. हो किंवा नाही, एवढंच. याडी, म्हणजे सरांची आई, आधीच गेलेली, सरांची बायको नोकरीपायी नागपूरला. तांड्यावरच्या घरात हे दोघंच. म्हाताऱ्याला एकदा तरी हसवायचं, हा सरांनी घेतलेला वसा होता, आणि आमचा वर्ग ही त्याची तालीम.

निकाल लागला तेव्हा मी पेढे घेऊन तांड्यावर गेलो. बा बाजेवर भिंतीकडे तोंड करून बसले होते. सरांनी पेढा तोंडात टाकला आणि मला कोपऱ्यात घेऊन बजावलं, की आज नवी गोष्ट आहे, हात खाली आला की तू मोठ्यानं हास, म्हणजे बाले हुरूप येईल. गोष्ट गवत कापायच्या मशीनची होती. ती मशीन मालकाच्या हातून सुटते आणि शेजाऱ्याचे गुलाब कापून काढते.

एरवी ते दोघं आपसात बंजाऱ्यांच्या गोरबोलीत बोलत. माझ्यासाठी सरांनी वऱ्हाडी धरली. हात वर केला.

"बा, अमेरिकेत एका माणसानं घरापुढं गवत पेरलं."

बांनी मान वळवली. "काय पेरलं?"

"गवत."

"पऱ्हाटीत उगोलं असंल."

"नाही, मुद्दाम. बी इकत आणलं. रोज पाणी दे त्याले."

"मंग ढोरं लय असतीन त्याच्यापाशी."

"एकही नाही. वाढलं का कापे, अन् फेकून दे."

आधी म्हाताऱ्याचं पोट हललं. मग खांदे. मग बाज करकरायला लागली. ज्या माणसाची उभी हयात गवत निंदण्यात गेली, तो डोळ्यांतून पाणी येईतो हसत होता. सरांचा हात वरच. मीही गोंधळलो, कारण जोक अजून यायचाच होता.

बांनी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले. म्हणाले, "त्या गवतात पऱ्हाटी उगोली, तर तो तिले निंदून फेकत असंल काय रे?"

सरांनी तोंड फिरवलं आणि ते माठातलं पाणी प्यायला गेले. माठापाशी बराच वेळ लागला.

"जमीन कशी हाये त्याची?" बांनी मागून विचारलं. "काळी का बरड?"

पुस्तकात हे कुठं लिहिलेलं असणार? सर येऊन बाजेच्या पायथ्याशी बसले. "काळी, बा."

"काळ्या जमिनीत गवत," असं म्हणून म्हाताऱ्यानं पाय पोटाशी घेतले आणि त्या येड्यानं तिथं काय पेरायला पाहिजे होतं, ते नांगरटीपासून सांगायला सुरुवात केली. अंधार पडला तरी पेरणीच चालली होती. गवत कापायची मशीन त्या दिवशी सुरूच झाली नाही.