जगदेवरावांची दरबारी पगडी

ग्वाल्हेर संस्थान मध्य भारतात गेलं, मध्य भारत मध्य प्रदेशात गेला, पण बालन्यायालयाच्या कचेरीचे नाझर जगदेवराव आपल्या खुर्चीवरून हलले नाहीत. दारावरची पाटी दोनदा बदलली, खुर्चीतली गादी मात्र तीच राहिली. राज्यं येतात नि जातात, नाझर राहतो, हे त्यांचं आवडतं वाक्य होतं आणि ते चहाच्या प्रत्येक कपाबरोबर ऐकावं लागे.

पण छप्पनचा नोव्हेंबर उलटला आणि कचेरीत कुजबुज सुरू झाली, की नवी राजधानी भोपाळ आणि तिथल्या नव्या कार्यालयांना जुनी माणसं हवीत. जगदेवरावांची झोप उडाली. जयेंद्रगंजातलं घर, संध्याकाळची नई सडकेवरची फेरी, दोन वर्षांवर आलेली पेन्शन, हे सगळं सोडून भोपाळला जायचं? त्यापेक्षा काळं पाणी बरं, असं त्यांचं स्पष्ट मत होतं.

तेवढ्यात संधी चालून आली. बालन्यायालयाचे न्यायाधीश महिपतराव निवृत्त होत होते, आणि निरोपसमारंभाला भोपाळहून खुद्द भदौरियासाहेब येणार होते. कोण जाणार, कोण राहणार, हे ठरवणारे तेच. जगदेवरावांनी बेत आखला. समारंभ असा दणक्यात करायचा, की या माणसाला हलवलं तर ग्वाल्हेरची न्यायव्यवस्था कोसळेल अशी साहेबांची खात्रीच पटावी.

"इतकं काम नका दाखवू," त्यांच्या पत्नी लीलाताई भाकरी थापता थापता म्हणाल्या. "ओढणारा बैल दिसला की त्यालाच जुंपतात लोक."

बायकांना राजकारण कळत नाही, असं मनाशी म्हणत जगदेवराव कामाला लागले.

महिपतरावांनी उभ्या हयातीत चोऱ्यामाऱ्यांत सापडलेली, सोळाच्या आतली शेकडो पोरं मार्गाला लावली होती. कुणाला सुताराकडे धाडलं, कुणाला शाळेत, कुणाला नुसतंच बागेला पाणी घालायला. त्यांतली दोन-चार आता मोठी झालेली मुलं व्यासपीठावर उभी केली, की भदौरियासाहेबांच्या डोळ्यांत पाणी ठरलेलंच. पण महिपतराव नावं सांगेनात. एकदा सोडलेलं पोर पुन्हा बोलवायचं नसतं, एवढंच म्हणाले आणि चष्मा पुसत बसले. तेव्हा जगदेवरावांनी शिपाई उमाजीला तयार केलं. मी हाक देताच उठायचं, लहानपणी आंबा चोरला होता म्हणायचं, महिपतरावांनी मला माणूस केलं म्हणायचं आणि बसायचं.

"फिकर नका करू, नाझरसाहेब," उमाजी म्हणाला. "मी असा बोलून देईन की सगळे रडून जातील."

समारंभाच्या दिवशी जगदेवरावांनी पेटीतून आपली शिंदेशाही पगडी काढली. ही पगडी म्हणजे त्यांचा जीव. पंचवीस वर्षांपूर्वी दसऱ्याच्या सवारीत, नई सडकेवर, एका माडीवरच्या कार्ट्याने पतंगाच्या मांज्याला गळ लावून त्यांची आधीची पगडी वरच्या वर उचलली होती. ऐन सवारीसमोर जगदेवराव बोडके! ते तेव्हा या कचेरीत नव्हते; त्यांनी तक्रार ठोकली, आणि महिनाभराने न्यायालयातून ही कोरी पगडी घरी आली. दरबारच्या खास पगडबंदाने बांधलेली, असं ते तेव्हापासून सांगत आले होते. भदौरियासाहेबांना हार घालतानाही त्यांनी ते सांगून टाकलं. साहेब पगडीकडे बराच वेळ बघत राहिले. छाप पडली, असं जगदेवरावांनी जाणलं.

भाषणं झाली. मग जगदेवराव माइकपाशी गेले आणि त्यांनी हाक दिली, की महिपतरावसाहेबांनी ज्यांचं आयुष्य घडवलं त्यांनी उभं राहावं!

कुणीच उठेना. नई सडकेवरचे एक मिठाईवाले छताकडे बघू लागले. एका ड्रिलमास्तरांना बुटाची नाडी बांधायची आठवण झाली. महिपतराव या सगळ्यांकडे पाहून मिशीत हसत होते, आणि ते हसू खरोखर समाधानाचं होतं. जगदेवरावांनी खाकरून खूण केली. उमाजी उठला.

आंब्यापर्यंत सगळं ठीक होतं. पण टाळ्या पडल्या आणि उमाजीला जोर चढला. आंब्यानंतर त्याने बकरी चोरली, बकरीनंतर कोतवालाची सायकल, आणि तो किल्ल्यावरच्या तोफेकडे वळणार तोच भदौरियासाहेबांनी महिपतरावांना विचारलं, हे खरं का?

महिपतराव आयुष्यात खोटं बोलले नव्हते. "उमाजी माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान आहे," ते म्हणाले. "त्याचा खटला मी चालवला असेल, तर चड्डीत चालवला असेल."

सभागृह फुटलं. जगदेवरावांना भोपाळचं स्टेशन डोळ्यांसमोर दिसू लागलं. तेव्हा भदौरियासाहेब स्वतःच उठले.

"एक असली भी है," ते म्हणाले. "मैं."

हशा जागच्या जागी थांबला. साहेब सांगू लागले. नई सडकेवरच्या माडीवर पतंगाला गळ लावणारा दौलतसिंह तो मीच. महिपतरावांनी मला छडी मारली नाही, कोठडी दाखवली नाही. पगडबंदाकडे बसवलं. म्हणाले, एक पगडी स्वतः बांध, ती त्या गृहस्थांसाठी कोर्टात जमा कर, आणि घरी जा. महिनाभर बोटं दुखली, पण हातात घेतलेलं काम पुरं करायचं तिथे शिकलो. ते वाकून महिपतरावांच्या पाया पडले. म्हाताऱ्याचा चष्मा पुन्हा पुसायला आला. आता मात्र खरंच सगळे रडून गेले, उमाजीसकट.

मग साहेब जगदेवरावांकडे वळले आणि त्यांनी पगडीच्या डाव्या घडीवर हळूच बोट ठेवलं. "यह तब भी टेढ़ी रह गई थी."

जगदेवरावांनी डोळे मिटून घेतले.

"ज्या माणसाच्या तक्रारीने माझं भलं झालं," साहेब हिंदीत पुढे म्हणाले, "आणि ज्याने माझ्या हातची पगडी पंचवीस वर्षं जिवापाड जपली, त्याला मी इथे कोपऱ्यात पडू देणार नाही. पुढच्या सोमवारपासून नाझरसाहेब माझ्याबरोबर भोपाळला!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. सगळ्यात जोरात उमाजी वाजवत होता.

पांगापांग झाल्यावर जगदेवरावांनी महिपतरावांना टांग्यापाशी गाठलं. पगडी काखेत होती. साहेब, एवढ्या जणांची शिक्षा माफ केलीत, माझ्यासाठीही एक शब्द टाका, अशी त्यांनी गयावया केली.

महिपतराव टांग्यात नीट बसले आणि हार मांडीवर ठेवला.

"टाकला असता हो," ते मायेने म्हणाले. "पण तुमचं वय सोळाच्या वर गेलंय."